हाक आणि ओ

धारहून मांडवगडाकडे जाताना वाटेत नालछा लागते आणि बहुतेक प्रवासी तिथे थांबत नाहीत. गडाची ओढ लागलेली असते. जहाजमहाल, रूपमतीचा सज्जा, घळीतून वर चढणारे ढग यांची चित्रे मनात आधीच तयार असतात, त्यामुळे काचेबाहेरून सरकणारी सोयाबीनची रानं, चहाची टपरी, झाडीतून डोकावणारा एखादा पडका घुमट यांच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. तेराव्या शतकात या गावाला नलकच्छपूर म्हणत आणि पंडित आशाधर नावाचे जैन विद्वान इथल्या नेमिनाथाच्या मंदिरात बसून ग्रंथरचना करीत. ते मूळचे मांडलगडचे. घोरीच्या स्वाऱ्यांनी तो मुलूख अस्थिर झाला तेव्हा ते धारेला आले आणि पुढे राजधानीची गजबज सोडून इथे स्थिरावले. मला त्यांची निवड समजते. या गावाची शांतता मुकी नाही. तिच्यात दूरदूरचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि ज्याला काही नीट विचार करायचा आहे त्याला अशीच शांतता मानवते.

फाल्गुनात, होळीच्या आधीच्या आठवड्यात, धार-झाबुआच्या या पट्ट्यात भगोरियाचे हाट भरतात. वाड्या-वस्त्यांवरची भिल्ल-भिलाला मंडळी ठेवणीतले कपडे घालून, चांदीचे दागिने लेवून, भलीमोठी मांदल गळ्यात अडकवून टेकड्या उतरत येतात. अशाच एका उताराकडे बघत मी उभा होतो. समोरच्या टेकडीवर, तीन-चारशे मीटरांवर, एक म्हातारा मांदल वाजवत होता. त्याचा हात चामड्यावर पडताना दिसे, उचललाही जाई, आणि मग तो 'धिम्' माझ्यापाशी येई. हात वर असताना आवाज, हात खाली असताना निःशब्दता. तो जसजसा उतरत जवळ आला तसतसे हे अंतर मिटत गेले आणि शेवटी, तो रस्त्यावर येऊन माझ्या बाजूने गेला तेव्हा, हात आणि नाद एकत्र आले. आपण ज्याला एकच घटना म्हणतो तिचे दोन निरोप निघालेले असतात आणि ते वेगवेगळ्या पावलांनी चालत येतात, हे पुस्तकात वाचलेले होते. पण त्या उतारावर ते डोळ्यांना आणि कानांना एकदमच पटले.

आवाज म्हणजे हवेतून पुढे सरकणारा धक्का. हाटाच्या ऐन गर्दीत मागून कुणी रेटा दिला की तो रेटा माणसामाणसांतून पुढे जात पार बांगडीवाल्याच्या पालापर्यंत पोचतो, ज्याने तो दिला तो मात्र असतो तिथेच राहतो. हवेचे रेणू असेच एकमेकांना रेटा देत असतात. ते मुळात अस्वस्थच असतात, सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटरच्या वेगाने कुठल्याही दिशेला धावतात, आपटतात, परततात. निरोप पोचवणारे तेच, तेव्हा निरोपाचा वेग त्यांच्या धावण्याहून अधिक कसा असेल? तो थोडा कमीच भरतो, सेकंदाला सुमारे 340 मीटर. हवा तापली की रेणू अधिक चपळ होतात आणि आवाजाची चालही वाढते. निमाडातल्या वैशाखात, पारा 43 अंशांवर गेला की, ती 356 मीटरच्या आसपास असते. मालव्यातल्या पौषाच्या पहाटे पाच अंशांना ती 334 वर येते. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी मारलेली हाक थंडीतल्या हाकेपेक्षा किंचित लवकर पोचते. हा फरक कुणाच्या ध्यानात येण्याजोगा नाही, तरी मला तो जाणून घ्यावासा वाटतो, कारण त्यातून आवाजाचा स्वभाव कळतो. त्याचा वेग त्याचा स्वतःचा नाहीच, तो हवेकडून आलेला आहे. पाण्यात हाच आवाज चौपटीहून अधिक वेगाने जातो, पोलादात पंधरापट.

आणि जे हवेकडून आलेले आहे ते ओलांडता येते. हवेतून जाणाऱ्या वस्तूला हवेच्या निरोप्याहून हळू चालण्याचे काहीच बंधन नाही. लहानपणी दारात पोतराज येई. कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, पायांत घुंगरू, कपाळभर हळदकुंकू, मोकळे केस. बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. तो आसूड हवेत फटकारी तेव्हा जो कडाका उठे त्याने आम्ही मुले दाराआड पळत असू. तो आवाज आसूड अंगावर बसल्याचा असतो असे आम्हाला वाटे. खरे तर तो अंगाला लागण्याआधीच, रित्या हवेत झालेला असतो. मुठीशी जाड, टोकाकडे निमुळता होत गेलेला तो पीळ. मनगटाच्या एका झटक्याने त्यात एक वळण उठते आणि टोकाकडे धावत सुटते. पुढे पुढे दोर बारीक होतो, हलवायचे वजन कमी होत जाते, ऊर्जा मात्र बरीचशी तीच राहते, म्हणून वेग वाढत वाढत शेवटच्या वितीत आवाजालाही मागे टाकतो. समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, कारण काही येत आहे ही बातमीच तिच्यापर्यंत पोचलेली नसते. ती दाबली जाते आणि तो दाब धारदार लाट होऊन सुटतो. कडाका तोच. मरीआईच्या त्या भक्ताने, आणि त्याच्या आधी कितीएक शतके गुराख्यांनी नि गाडीवानांनी, विमानाचे स्वप्नही कुणी पाहिले नव्हते तेव्हा, आपल्या मनगटाने ध्वनीचा वेग ओलांडलेला आहे. ज्वारीच्या मचाणावरून पाखरे उठवणाऱ्या गोफणीचा फटकाही याच जातीचा.

यंत्रांना हे जमायला वेळ लागला. बंदुकीची गोळी आवाजापुढे धावते हे ठाऊक होते. अर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर यांनी 1887 मध्ये अशा गोळीची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत तिच्या नाकापासून मागे फाकत गेलेली दाबाची रेघ प्रथमच जगाला दिसली. विमाने मात्र त्या वेगाजवळ गेली की थरथरत, सुकाणू ऐकेनासे होई, काही मोडलीही; वैमानिक एखाद्या भिंतीविषयी बोलावे तसे त्याविषयी बोलत. 14 ऑक्टोबर 1947 रोजी वैमानिक चक यीगर गोळीच्याच आकाराचे एक विमान घेऊन त्या भिंतीतून गेला आणि पलीकडे हवा पूर्वीइतकीच शांत असल्याचे त्याला आढळले. पुढे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला आवाजाच्या दुप्पट वेगाची मिग विमाने तयार होऊ लागली. ती भिंत अभियंत्यांपुढची होती. निसर्गाने तिथे काही बांधलेले नव्हते.

प्रकाशाचे तसेच असेल असे वाटणे अगदी साहजिक होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या शहाण्या माणसांना तसेच वाटत होते. लाट म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे. समुद्राची लाट पाण्यात, नादाची हवेत, तशी प्रकाशाची ईथर नावाच्या कुठल्याशा सर्वव्यापी सूक्ष्म द्रव्यात. तसे असते तर प्रकाशाचा वेग ईथरकडून आलेला ठरला असता, आणि परक्याकडून आलेली मर्यादा कुणी तरी कधी तरी ओलांडलीच असती. माखची ती छायाचित्रे प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, 1887 मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरी मायकेलसन आणि मोर्ली यांनी एक चौरस दगडी शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली. तिच्यावर आरसे बसवलेले. प्रकाशाचा एक किरण दोन वाटांनी पाठवायचा, परत आणायचा आणि शिळा हळूहळू फिरवत त्यांच्या भेटीत काही फरक पडतो का ते पाहायचे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने जाते. ईथरमधून ती अशी धावत असेल तर त्या दिशेच्या आणि आडव्या दिशेच्या प्रकाशात थोडे तरी अंतर पडायला हवे. ते पडले नाही. एकाच वर्षात एकीकडे आवाजाला मागे टाकणाऱ्या वस्तूची खूण जगापुढे आली, आणि दुसरीकडे प्रकाशाला वाहून नेणारे कुणीच सापडले नाही. या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. प्रकाशाच्या वाटेवर ती गर्दीच नाही. कुणाच्या रेट्याने तो चालत नाही. मग त्याचा वेग कुणाचा म्हणायचा?

उत्तराकडे जाण्याआधी एक वळण घ्यावेसे वाटते, कारण ते सुंदर आहे. प्रकाश पाण्यात शिरला की त्याची चाल मंदावते, सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सव्वादोन लाखांवर येते. तिथे मात्र त्याला मागे टाकता येते. मुंबईत तुर्भ्याला 4 ऑगस्ट 1956 रोजी अणुभट्टी सुरू झाली, ती एका पाण्याच्या हौदात बुडवलेली होती. गाभ्याजवळून सुटणारे इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावतात आणि त्यांच्यामागे, विमानामागे जशी दाबाची लाट फाकते तशी, प्रकाशाची लाट फाकते. सोव्हिएत शास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह याने 1934 मध्ये ही निळी आभा नोंदली होती. तुर्भ्याच्या हौदातही ती खोलवर तेवे, आणि पंडित नेहरूंनी त्या भट्टीला 'अप्सरा' हे नाव दिले. आसुडाचा कडाका आणि अप्सरेची निळाई ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे कळले तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

धार-मांडवगडाच्याच राज्यात, सातपुड्यातल्या पचमढीला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आरशांच्या दुर्बिणी मांडल्या होत्या. अंतराळातून आलेला एखादा गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरात फुटतो, कणांचा वर्षाव होतो, आणि त्यांतले काही कण हवेतल्या प्रकाशाहून वेगाने खाली येतात. हवा प्रकाशाला थोडेच अडवते, जमिनीलगत सेकंदाला ऐंशी-नव्वद किलोमीटर, वर त्याहूनही कमी. पण तेवढी फट त्यांना पुरते. अंधाऱ्या रात्री आकाशात निळसर चमक उठते, सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरती, आणि ते आरसे तिची वाट पाहत असत. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही. मालव्यातल्या गच्चीवर अंथरूण टाकून पडलेल्या माणसाच्या डोक्यावर अशा निळ्या रेघा रात्रभर उमटत असतील आणि विझत असतील.

हे सारे कण प्रकाशाला मागे टाकतात ते तो पाण्यात वा हवेत अडखळलेला असताना. मोकळ्या अवकाशातली जी चाल, सेकंदाला 2,99,792 किलोमीटर आणि वर काहीशे मीटर, तिच्यापुढे यांतला एकही कण गेलेला नाही. हौदात दोन मर्यादा एकमेकींपासून सुट्या झालेल्या दिसतात. एक प्रकाशाची, जी ओलांडता येते. दुसरी जी आपण सवयीने प्रकाशाच्या नावावर मांडतो, पण जी बहुधा त्याची एकट्याची नाही.

ही दुसरी मर्यादा ओलांडायला जावे तर काय होते? 1964 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक ऊर्जा देत त्यांचा वेग मोजला. ठरावीक लांबीची नळी, दोन टोकांना दोन खुणा आणि मधला वेळ. प्रयोग इतका साधा की शाळेतल्या मुलाला समजावा. पहिल्यांदा दिलेल्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या 87 टक्के वेगाने गेले. जुन्या गणिताप्रमाणे ते तेव्हाच प्रकाशाच्या पुढे जायला हवे होते. ऊर्जा तीसपट केली तेव्हा वेग जेमतेम शंभर टक्क्यांच्या कडेला टेकला, पलीकडे गेला नाही. दिलेली ऊर्जा वाटेत कुठे गळाली की काय, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून त्यांनी ते इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमच्या चकतीवर आदळवून चकती किती तापते तेही पाहिले. उष्णता पुरेपूर भरली. ऊर्जा सगळी इलेक्ट्रॉनांपाशीच होती, फक्त ती वेगात उतरत नव्हती. जिनिव्हाजवळच्या सत्तावीस किलोमीटर घेराच्या बोगद्यात आज प्रोटॉन फिरतात. त्यांना इतकी ऊर्जा दिलेली असते की ते प्रकाशाहून सेकंदाला फक्त तीनएक मीटर मागे असतात. तीन मीटर, बस सुटेल म्हणून घाईने निघालेला माणूस तेवढे सेकंदात धावतो. ते तीन मीटर भरून काढायला जगातली सगळी वीज ओतली तरी पुरणार नाही. आणि त्याहून विलक्षण म्हणजे, त्या प्रोटॉनावर बसून पाहिले तर प्रकाश तीन मीटर पुढे गेलेला दिसणारच नाही. तो पूर्वीइतक्याच पूर्ण वेगाने दूर जाताना दिसेल, जणू आपण अजून निघालेलोच नाही. आवाजाच्या बाबतीत असे होत नाही. तिथे जवळ जाता येते, गाठता येते. इथे पाठलागालाच अर्थ उरत नाही.

कारण बदलतो तो काळ. आइन्स्टाइनने 1905 मध्ये जे मांडले त्याचे प्रत्यंतर आपल्या तळहातावर मिळत असते. दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या दुप्पट-सव्वादोनपट. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी एवढ्या अवधीत ते साडेसहाशे मीटर जातील आणि संपतील. पण ते खाली पोचतात. हात उताणा करून बसले तर दर सेकंदाला एखादा-दुसरा तळहातातून आरपार जातो. त्यांचे आयुष्य आपल्या घड्याळाने मोजले तर लांबलेले असते. त्यांच्या घड्याळाने तेवढेच, पण वाटच आखडलेली असते. स्थळ आणि काळ यांचा मेळ असा जुळवलेला आहे, आणि हा वेग म्हणजे त्या जुळणीचेच माप. तो प्रकाशाला मिळाला आहे, कारण प्रकाशाला वजन नाही. वस्तुमान नसलेले जे जे काही असेल त्याला हीच चाल.

माझी आत्या धारला राहत असे. पवारांच्या दरबाराबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी तिचे सासर, मराठीत मालवीचा गोडवा मिसळलेला. तिचा मुलगा विलायतेला गेला. त्या काळी परदेशी फोन बहुधा उपग्रहामार्गे जात. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळच्या आर्वीला 1971 मध्ये त्यासाठीचे केंद्र सुरू झालेले होते. फोन लागला की घरभर धांदल उडे आणि मग आत्या मोठ्याने विचारी, "जेवतोस ना रे वेळेवर?" आणि पलीकडे क्षणभर काहीच नसे. मग, "हो आई, जेवतो." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प बसे. एकदा मला म्हणाली, "त्याला काहीतरी सलतंय. विचारलं की आधी थांबतो, मग बोलतो." पुढे मला त्या थांबण्याचे कारण कळले तेव्हा मी तिला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून दाखवली. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच; तिचा शब्द वर जाऊन खाली उतरायचा, मग त्याचा शब्द तसाच वर जाऊन खाली. दीड लाख किलोमीटरची ये-जा, आणि प्रकाशाच्याच भाऊबंदांतल्या रेडिओलहरींना त्याला अर्धा सेकंद लागणार. तो थांबत नव्हता. तिची हाकच अजून त्याच्याकडे पोचायची असे. आत्याने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाली, "एवढं लांब जाऊन येत होतं होय माझं बोलणं!" तिच्या आवाजात सुटका होती आणि थोडी हुरहुरही. आता समुद्रतळाच्या काचतंतूंतून फोन जातात, वाट जवळची झाली, आणि ती पोकळी जाणवत नाही. वेग मात्र वाढवता आलेला नाही, उलट काचेत तो दोन लाख किलोमीटरवर उतरतो. वाट कमी करणे, एवढेच माणसाच्या हाती होते.

हाकेनंतर ओ उशिरा येणे आपण सोसतो. पण हाकेच्या आधीच ओ आली तर? मांडवगडावर सागर तलावाच्या पुढे, दाईच्या महालाजवळ, प्रतिध्वनीची जागा आहे. रस्त्यावर उभे राहून नाव घेतले की पडक्या भिंती ते परत करतात. एका सेकंदाने परत आले तर भिंत 170 मीटरांवर आहे असे समजावे. तिथे येणारी प्रत्येक पिढी कुणाचे ना कुणाचे नाव घेते, आणि भिंती कधी चुकूनही आधी बोलत नाहीत. हा क्रम इतका गृहीत धरलेला असतो की त्याला कुणी राखणदार असेल हे मनात येत नाही. आइन्स्टाइनच्या गणितात तो दिसतो. प्रकाशालाही एकीकडून दुसरीकडे पोचायला सवड मिळू नये इतक्या दूर आणि इतक्या लागोपाठ घडलेल्या दोन घटनांपैकी आधी कोणती, यावर वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या दोन प्रवाशांचे एकमत होत नाही, आणि दोघेही बरोबर असतात. त्याने काही बिघडत नाही, कारण त्या घटनांचा एकमेकींशी संबंधच नसतो. पण प्रकाशाहून वेगवान निरोप शक्य असता तर तो अशा दोन घटनांना जोडू शकला असता, आणि मग कुणा एका प्रवाशाच्या दृष्टीने उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आला असता. दोन प्रवाशांनी मिळून ठरवले असते तर आपल्याच हाकेची ओ हाक मारण्यापूर्वी ऐकून ती हाक मारायचीच नाही, असेही करता आले असते. आवाजाला मागे टाकणारा फक्त बातमीच्या पुढे जातो. या वेगाला मागे टाकणारा कारणाच्याच पुढे गेला असता.

तरीही विचार थांबवू नये, असे मानणारी माणसे होती आणि मला त्यांच्याविषयी प्रेम आहे. 1962 मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी एका निबंधात विचारले की वेग वाढवत वाढवत ही सीमा ओलांडता येत नाही हे खरे, पण जन्मतःच सीमेपलीकडे असलेले कण असले तर? त्यांना प्रकाशाच्या वेगापर्यंत हळू होणे अशक्य, जसे आपल्याला तिथवर वेगवान होणे. पुढे अशा कणांना टॅकिऑन नाव मिळाले. 1976 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी सुदर्शन यांच्यासह प्रसरण पावणाऱ्या विश्वात टॅकिऑनांचे काय होईल याचे गणित मांडले. तिघांतले एक आडनाव देशपांडे, आणि नंतर आले ते कोल्हापूरला जन्मलेले नारळीकर. या अशक्याच्या उंबरठ्यावर आपली ओळखीची माणसे उभी होती याचे मला अप्रूप आहे. टॅकिऑन सापडलेले नाहीत. 2011 मध्ये जिनिव्हाहून इटलीतल्या डोंगराखाली पोचणारे न्यूट्रिनो प्रकाशाहून सेकंदाचा 60 अब्जांश भाग लवकर आल्याची वार्ता आली, जगभर खळबळ माजली, आणि काही महिन्यांत काचतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती असे निघाले. ज्यांनी ते मापन केले त्यांनीच ते तपासून जाहीर केले. त्या जोडणीपाशी वाकलेल्या माणसांची सचोटी मला त्या वार्तेपेक्षा मोठी वाटते.

नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. त्यांनी उभारलेल्या आयुका या संस्थेतली माणसे आज हिंगोली जिल्ह्यातल्या एका कामात आहेत, आणि मघाचा प्रश्न, हा वेग कुणाचा, त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर त्या कामाशी जोडलेले आहे. 17 ऑगस्ट 2017 रोजी तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची खबर पृथ्वीवर दोन मार्गांनी आली. आधी गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठलेली थरथर, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांना जाणवली. मग गॅमा किरण, म्हणजे प्रकाश, उपग्रहांनी टिपला. दोहोंत अंतर पडले 1.7 सेकंदांचे, आणि तेही बहुधा तिकडूनच पडलेले, कारण स्फोट व्हायला मीलनानंतर क्षणभर लागला असणार. तेरा कोटी वर्षे चालून दोन सेकंदांच्या आत दोघे पोचले. गुरुत्वाला प्रकाशाशी काही देणे-घेणे नाही, त्याची जात वेगळी, तरी चाल तीच. टेकडीवरच्या म्हाताऱ्याचा हात आणि मांदलीचा नाद तीन-चारशे मीटरांत एकमेकांना सोडून गेले होते. हे दोन निरोप तितक्या दूरवरून जवळजवळ हातात हात घालून आले.

हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळ चार चार किलोमीटरच्या दोन काटकोनातल्या भुजा असलेली तशीच वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. नलिकांत निर्वात पोकळी, दोन टोकांना आरसे, मधे लेझरचा किरण, म्हणजे मायकेलसनच्या त्या शिळेचीच वंशज. तिचा मोठा शत्रू आहे जमिनीतून येणारा आवाज. दूरच्या रस्त्यावरचा ट्रक, आगगाडी, समुद्राच्या लाटांनी खंडाला दिलेले हादरे, यांपासून आरसे वाचवायचे. म्हणून मराठवाड्यातल्या कठीण खडकाची, फारसा गलबला नसलेली जागा शोधून काढली. ज्वारी-कापसाच्या त्या मुलखात हे यंत्र सुरू होईल तेव्हा मला तिथे जाऊन आसपासच्या गावांतली शाळकरी मुले त्याविषयी काय बोलतात ते ऐकायचे आहे.